टेंडरच्या आधीचा कागद कोण बघतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या पेपरात सरकारी खरेदीच्या ज्या ज्या बातम्या येतात त्या मी सगळ्या वाचतो, जुनी खोड आहे, उभी नोकरी एका सरकारी ऑफिसच्या स्टोअरमध्ये गेली. कुठे टेंडर मॅनेज झालं, कुठे एकाच घरातल्या तीन फर्मनी रेट भरले, कुठे बाजारभावाच्या दुप्पट रेटने माल घेतला. या बातम्या तुम्ही छापता म्हणून निदान चार लोक टरकून राहतात, त्याबद्दल खरंच धन्यवाद. पण एक तक्रार आहे आणि ती तुमच्याबद्दलच आहे. तुमची बातमी टेंडरपासून सुरू होते. अहो टेंडर निघेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. काय घ्यायचं, किती घ्यायचं, कसल्या प्रतीचं घ्यायचं, कधी घ्यायचं, अंदाजे किंमत काय धरायची हे सगळं त्याच्या आधी दोन-चार महिने एका पातळशा फायलीत ठरतं आणि त्या फायलीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पत्रकार नाही, नगरसेवक नाही, ऑडिटवाले बघतात पण ते येतात माल गंजल्यावर.

आता मागणी ठरते कशी ते सांगतो. पुस्तकात असं आहे की ज्याला वस्तू वापरायची आहे त्याने मागणी करायची, स्टोअरने शिल्लक साठा बघून सांगायचं, मागच्या दोन-तीन वर्षांचा वापर काढायचा, मग तरतूद आहे का बघायचं आणि मग प्रशासकीय मान्यता. ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात दुपारी दोन वाजता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक एक्सेल शीट येते आणि खाली मेसेज, की सदर माहिती आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत सादर करावी, विलंब झाल्यास आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल. आता पाच वाजेपर्यंत कोण कपाट उघडून खुर्च्या मोजणार? मागच्या वर्षीची शीट काढायची, दहा टक्के वाढवायचे, पाठवून द्यायचं. तालुक्याला वाटतं जिल्हा कापणारच आहे म्हणून ते अजून थोडं चढवतात. जिल्ह्याला माहिती असतं की खालच्यांनी फुगवलंय म्हणून ते सरसकट तीस टक्के कापतात. यात मरतो कोण, तर ज्याने बिचाऱ्याने खरोखर मोजून खरा आकडा दिला तो, कारण त्याचेही तीस टक्के गेले. पुढच्या वर्षी तोही शहाणा होतो. अशी चार-पाच वर्षं गेली की त्या खात्यातल्या एकाही माणसाला खरी गरज किती आहे हे सांगता येत नाही, आणि मग एका ठिकाणी माल गोदामात पडून आणि दुसऱ्या ठिकाणी दाराला नोटीस, "साठा उपलब्ध नाही".

साध्या लग्नाची सुपारी घेणारा आचारी सुद्धा दर सांगायच्या आधी विचारतो, पानं किती? आपल्याकडे कोट्यवधीच्या खरेदीत तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो.

उगाच हवेत बोलत नाही, सगळ्या महाराष्ट्राने बघितलेलं उदाहरण देतो. शाळेचे गणवेश. आधी पद्धत अशी होती की पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे, एका पोराला दोन गणवेशांचे मिळून ६०० रुपये, आणि समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या दुकानदाराकडून, शिंप्याकडून घ्यायची. त्यातही भानगडी होत्या, नाही असं नाही. मग २०२३ मध्ये एक राज्य एक गणवेश ठरलं, ऑक्टोबर २०२३ ला जीआर निघाला आणि २०२४-२५ पासून कापड वरून घ्यायचं, एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून शिवून घ्यायचा आणि दुसरा, तो स्काऊट-गाईडचा, त्याचं कापड शाळेला द्यायचं आणि शाळेने शंभर-एकशेदहा रुपयांत शिवून घ्यायचा. कल्पना वाईट होती असं मी म्हणणार नाही. घाऊक कापड स्वस्त पडतं, बायकांच्या हाताला काम मिळतं, कागदावर हिशोब बरोबर बसतो.

पण ऑक्टोबरमध्ये जीआर आणि १५ जूनला शाळा, मध्ये आठ महिने, आणि पोरं चाळीस लाखांच्या वर. या आठ महिन्यांत कापडाचं टेंडर, कापडाची तपासणी, ते जिल्ह्याजिल्ह्यात पोचवणं, कटिंग, शिलाई, मग गाठोडी बांधून केंद्रशाळेत आणि तिथून वाडीवस्तीवर. त्यात लोकसभेची निवडणूक. २०२४ च्या उन्हाळ्यात आचारसंहिता लागणार हे शेंबड्या पोरालाही माहिती होतं, ती १६ मार्चला लागली आणि जूनपर्यंत राहिली. हे कॅलेंडर समोर ठेवून कोणी उलटी तारीख मोजली होती का? म्हणजे १५ जूनला अंगावर कपडा पाहिजे तर शिलाई कधी सुरू, शिलाई तेव्हा सुरू तर कापड कधी हातात, कापड तेव्हा हातात तर टेंडर कधी उघडायचं? स्टोअरमधला साधा क्लार्क सुद्धा हे बोटांवर करतो. आणि किती बचत गटांकडे किती मशीन आहेत, एक बाई दिवसाला किती शर्ट शिवते, इतक्या रेटमध्ये गावातला शिंपी हात लावेल का, ही चौकशी टेंडरच्या आधीची आहे, नंतरची नाही. आणि मापं! इयत्तेवरून माप ठरत नाही हो, एकाच वर्गात एक पोरगं काडी असतं आणि एक बापाएवढं. शेवटी झालं काय तर १५ ऑगस्टला झेंड्याला पोरं जुन्या कपड्यात उभी, काहींना मिळाले ते कुणाला आखूड कुणाला ढगळ, तुमच्याच पेपरांनी फोटो छापले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला, पुढच्या वर्षीपासून परत शाळा व्यवस्थापन समिती. म्हणजे फिरून तिथेच.

आता या सगळ्यावर चर्चा कशाची झाली, तर कंत्राट कोणाला दिलं, कापड कोणाचं, मंत्री कोण. त्याची पण चर्चा व्हावी, जरूर व्हावी. पण मला सांगा, समजा ते टेंडर शंभर टक्के स्वच्छ असतं, देवमाणसाला मिळालं असतं, तरी १५ जूनला गणवेश मिळाले असते का? मला नाही वाटत.

दुसरी गोष्ट स्पेसिफिकेशनची, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण खरी मेख इथे आहे. ऑफिसला एखादं मशीन घ्यायचं असतं. साहेबांना त्यातलं काही कळत नाही, क्लार्कला त्याहून नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कोणाला सगळं येतं? मग कोणीतरी एका कंपनीच्या माणसाला फोन करतं, तो बिचारा लगेच येतो, चहा घेतो, पेन ड्राइव्ह लावतो आणि स्पेसिफिकेशन तयार. टाइप करायची पण गरज नाही. त्यात लांबी अमुक मिलिमीटर, वजन अमुक किलो, बटण डाव्या बाजूला, असं सगळं बारीक लिहिलेलं असतं आणि ते जगात एकाच मॉडेलला लागू होतं. ब्रँडचं नाव कुठेही नाही, नियम पाळला! नियम काय म्हणतो तर वर्णन कामाच्या अंगाने लिहा, मोजता येईल असं लिहा, ब्रँडचं नाव टाकू नका. नाव न टाकता फोटो टाकल्यासारखं लिहिलं तर काय करणार? मग तोच माणूस अंदाजे किंमत पण देतो, आणि अजून दोन कोटेशन लागतात ना, ती पण तोच आणून देतो, तिन्ही कोटेशनला एकच फॉन्ट आणि एकाच ठिकाणी एकच स्पेलिंग मिस्टेक. त्या तिघांच्या सरासरीवर अंदाजपत्रक. पुढे टेंडर निघतं, ऑनलाइन निघतं, डिजिटल सही होते, लिफाफे वेळेवर उघडतात, सगळं कायदेशीर, आणि रेट अंदाजपत्रकापेक्षा दोन टक्के कमी आला म्हणून फायलीवर शेरा मारतात, शासनाची बचत झाली.

जेम पोर्टल, म्हणजे सरकारी खरेदीचं ऑनलाइन बाजारपेठ, आल्यावर हे सगळं संपलं असं काही लोक सांगतात. २०१६ ला जेम आलं, चांगलं आहे, पेन आणि कागद आणि खुर्च्या घ्यायला सोपं झालं, मी वापरलंय. पण जेम तुम्हाला हे विचारत नाही की बाबा तुला हे पाहिजे कशाला आणि आधीचे पंधरा कुठे गेले.

आणि किंमत म्हणजे फक्त मशीनची किंमत धरतात. रक्त तपासायचं एक मशीन असतं, ते कंपनी अगदी स्वस्तात, कधी कधी जवळजवळ फुकट देते. कारण त्याला लागणारं केमिकल तिचंच चालतं, दुसऱ्याचं टाकलं तर मशीन घेतच नाही. वर्षभरात केमिकलचं बिल मशीनच्या वर जातं, आणि मग केमिकलला तरतूद नाही म्हणून मशीनवर कव्हर. प्रिंटर आणि टोनरचं तसंच, फक्त आकडे छोटे. मेन्टेनन्सचा करार, वीज, चालवणारा माणूस, हे सगळं मिळून दहा वर्षांत काय पडेल हा हिशोब खरेदीच्या आधी मांडायचा असतो. मी नोकरीत असताना तो मांडलेली फाइल क्वचित बघितली.

जागेचं तर विचारूच नका. एक्स-रे मशीन आलं पण त्याला लागते तशी खोली नाही, रेडिएशनची परवानगी काढलेली नाही, टेक्निशियनचं पद रिक्त. पाण्याचं शुद्धीकरण यंत्र आलं पण नळाला पाणी दिवसाआड. कॉम्प्युटर आले आणि बिल थकलं म्हणून शाळेची लाइट तोडलेली. असली खोकी मी स्वतः डेड स्टॉक रजिस्टरला चढवलीत, सील न फोडता. ऑफिसचं नाव सांगत नाही, सांगायची गरज पण नाही, वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यासमोर आपापलं ऑफिस येईल. यातल्या एकाही खरेदीत भ्रष्टाचार झाला असेलच असं नाही. कोणी तिथे जाऊन खोली बघितली नव्हती, एवढंच.

औषधांचं पण बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात दोन दिवसांत तीसच्या वर रुग्ण गेले, औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. कारण काय होतं त्यात मी पडत नाही, तो माझा प्रांत नाही. पण आपल्याकडे चर्चा कायम एकाच गोष्टीची, औषध खरेदी करणार कोण. आधी खाती आपापली करत होती, मग २०१७ ला हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली, मग २०२३ ला कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण. तमिळनाडूने १९९४ ला असंच महामंडळ काढलं, पण त्यांनी सोबत एक साधं काम केलं. प्रत्येक हॉस्पिटलला पासबुक दिलं. जिल्ह्याच्या गोदामातून औषध उचललं की पासबुकात नोंद, उरलेली रक्कम तिथेच दिसते. कुठल्या हॉस्पिटलला काय लागतं, किती लागतं, कोणत्या महिन्यात जास्त लागतं हे नोंदीवरून कळतं, संध्याकाळी पाचच्या आत कोणाला एक्सेल भरून द्यावी लागत नाही. आपल्याकडे पण ई-औषधी ही औषधसाठ्याची ऑनलाइन नोंद आहे की, पण त्यात नोंद करायला माणूस पाहिजे आणि फार्मासिस्टच्या अंगावर तीन जणांचं काम.

मार्चबद्दल लिहिलं नाही तर पत्र पूर्ण होणार नाही. हे पत्र लिहितोय तेव्हा फेब्रुवारी चालू आहे आणि मला घरबसल्या माहिती आहे की आत्ता सगळ्या ऑफिसांत काय चाललंय. एप्रिल ते डिसेंबर निधी आला नाही, आला तर अर्धा आला, बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, दिसतो पण काढता येत नाही, आणि आता जानेवारीच्या शेवटी एकदम सुटला. ३१ मार्चला खर्ची पडला नाही तर परत जाणार आणि परत गेला तर पुढच्या वर्षी तरतूद कमी होणार. मग काय घ्यायचं? जे लवकर मिळतं ते. गरज असते छत दुरुस्तीची, पण छताला इंजिनिअर, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, दोन महिने. वॉटर कूलर आठ दिवसात येतो. म्हणून वॉटर कूलर. छत गळतंय, खाली तीन वॉटर कूलर. आणि ई-टेंडरच्या मर्यादेखाली राहावं, टेंडर काढायला लागू नये, म्हणून मागणीचे तुकडे पाडायचे, हे पण मार्चचंच काम. केंद्राच्या वित्तीय नियमात तर सरळ लिहिलंय की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची घाई म्हणजे आर्थिक औचित्याचा भंग, आणि केंद्रीय खात्यांना शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के एवढीच मर्यादा घालून दिलेली आहे. आपल्याकडे ३१ मार्चच्या रात्री कोषागारासमोर जाऊन बघा, जत्रा असते.

यावर उपाय मी नवीन काही शोधलेला नाही, लिहिलेलाच आहे. केंद्राचे वित्तीय नियम २०१७ चे, त्यातला नियम १४४, त्यात असं आहे की प्रत्येक खात्याने वर्ष सुरू व्हायच्या आधी वार्षिक खरेदी आराखडा करायचा आणि तो वेबसाइटवर टाकायचा. आधी! हा नियम केंद्राचा आहे, राज्याला आणि झेडपीला थेट लागू नाही हे मला माहिती आहे, आपली राज्याची खरेदीची नियमपुस्तिका वेगळी आहे, १ डिसेंबर २०१६ च्या जीआरची. पण म्हणून चांगली गोष्ट करू नका असं कुठे लिहिलंय? आणि माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर सगळ्यांना लागू आहे, त्यात योजना आणि प्रस्तावित खर्च कोणी न मागता जाहीर करायचा आहे. तमिळनाडूने १९९८ ला, कर्नाटकाने १९९९ ला, राजस्थानने २०१२ ला खरेदीच्या पारदर्शकतेचे कायदे केले. केंद्राचं पण २०१२ चं विधेयक होतं, ते २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली तेव्हा गेलं ते गेलं.

माझ्या डोक्यात तरी फार मोठं काही नाही. प्रत्येक ऑफिसने १ एप्रिलच्या आधी एक साधा तक्ता लावावा, मराठीत, वेबसाइटवर आणि बाहेरच्या बोर्डावर पण. काय घेणार, किती, अंदाजे किती रुपयांचं, कोणत्या महिन्यात, आणि सध्या शिल्लक किती व त्यातले चालू स्थितीत किती. ते शेवटचे दोन कॉलम सगळ्यात महत्त्वाचे आणि तेच कोणी भरणार नाही. मोठी खरेदी असेल तर स्पेसिफिकेशनचा मसुदा पंधरा दिवस आधी टाका, ज्याला हरकत घ्यायची त्याला घेऊ दे, रेट भरायच्या आधीच्या प्री-बिड मीटिंगमध्ये भांडण्यापेक्षा आणि मग शुद्धिपत्रक एक, शुद्धिपत्रक दोन, शुद्धिपत्रक तीन काढण्यापेक्षा ते बरं.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल की आधी जाहीर केलं तर कंत्राटदारांना कळेल आणि ते संगनमत करतील. साहेब, ज्याला कळायचं त्याला आत्ता पण कळतं, त्याच्याच पेन ड्राइव्हमधून आलेलं असतं ते. कळत नाही ते तालुक्याच्या साध्या दुकानदाराला, ज्याला तयारीला दोन महिने मिळाले तर तो पण रेट भरेल. दुसरा आक्षेप असा येईल की स्टाफ नाही, आणि तो आक्षेप खरा आहे. स्टोअरला आता माणूसच देत नाहीत, एक क्लार्क आस्थापना, स्टोअर आणि निवडणूक तिन्ही बघतो. त्याच्याकडून साठा मोजून घ्यायचा असेल तर जानेवारीत त्याला पंधरा दिवस मोकळा सोडावा लागेल, एवढं तरी करा.

ग्रामपंचायतीत खरं म्हणजे हे व्हायलाच पाहिजे आणि कागदावर होतं पण. गावाचा विकास आराखडा ग्रामसभेत करायचा, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर टाकायचा, १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बंधित होते, म्हणजे त्याच कामाला वापरायचे, बाकीचे अबंधित. तुम्ही मोबाइलवर आपल्या गावाचं नाव टाकून बघू शकता, बघाच. आमच्याकडे ग्रामसभेला कोरम होत नाही आणि आराखडा कोण कधी करतं ते गावाला कळत नाही, पण निदान यादी दिसते तरी. झेडपीची आणि महापालिकेची तेवढी पण दिसत नाही.

आता तुमच्याकडे मागणं. तुमचे प्रत्येक जिल्ह्यात वार्ताहर आहेत. त्यांना सांगा की या मार्चमध्ये झेडपीत, महापालिकेत, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन फक्त एक कागद मागा, पुढच्या वर्षीचा खरेदी आराखडा. जिथे मिळेल तो छापा, एक पान गेलं तर जाऊ दे, मार्चमध्ये टेंडर नोटिसांच्या जाहिराती असतातच की तुमच्याकडे भरपूर. जिथे मिळणार नाही तिथे ऑफिसचं नाव आणि "आराखडा उपलब्ध नाही" एवढंच छापा. आणि ज्यांनी दिला त्यांच्याकडे ऑक्टोबरमध्ये परत जा, तोच कागद घेऊन, आणि विचारा यातलं काय आलं आणि ते कुठे ठेवलंय, दाखवा. स्टोअरची किल्ली क्लार्ककडे असते, साहेबांकडे नसते, हे वार्ताहराला आधीच सांगून ठेवा म्हणजे त्याचा वेळ जाणार नाही.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त स्टोअर क्लार्क, जि. अहिल्यानगर
(नाव छापू नका, पेन्शनचं काम अजून त्याच टेबलावर असतं)